व्हायरस, पानमळा आणि माझ्या मानेतल्या गाठी

"टीबी नाही," बुलढाण्याचे सर्जन म्हणाले, आणि मी बाकावर बसल्या बसल्या हुश्श केलं. शेजारी माझा मोठा भाऊ होता. त्याने तर छताकडे पाहून हातच जोडले. आठ महिने टीबीची इंजेक्शनं घेऊन माझ्या ढुंगणाची चाळण झाली होती. टीबी नाही म्हणजे सुटलो, असं आम्हा दोघांना वाटलं. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलोसुद्धा.

डॉक्टर हसले नाहीत. नागपूरहून आलेला रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. इंग्रजीत होता, मला काय कळणार! "लिम्फोमा आहे," ते म्हणाले. "आपल्या मानेत, काखेत, जांघेत, छातीत बारीक बारीक गाठी असतात. लिम्फ नोड. अंगात जंतू शिरला की त्या त्याच्याशी लढतात. तुमच्या त्या गाठींनाच कॅन्सर झाला आहे."

कॅन्सर हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नसे. भाऊने विचारलं, "साहेब, किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "दिवस मोजू नका. नागपूरला जा. आता याला उपाय आहे. उद्याच जा."

ही गोष्ट दुष्काळाची दोन-तीन वर्षं नुकतीच सरली होती तेव्हाची. मी तेव्हा छत्तीसचा होतो. आज नातवंडं माझ्या मानेवरची शिवण बोटाने चाचपतात आणि विचारतात, आजोबा, हे काय? त्यांना सांगून सांगून थकलो, म्हणून लिहून काढतो आहे. आणि ज्याच्या मानेत आज गाठ आहे, त्याने वाचावं म्हणूनही.

आमचं गाव वरवट बकालच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पिढ्यान्‌पिढ्या आमचा पानमळा. खायच्या पानांचा. शेवग्याच्या आणि पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवायची, लव्हाळ्याने बांधायची, आणि वर्षातून एकदा ती खाली उतरवून तिची वळी, म्हणजे वेटोळं, करून मातीत पुरायची, म्हणजे ती पुन्हा नव्याने चढते. उतरवण्याच्या कामात माझा हात गावात एक नंबर होता. बढाई मारत नाही, कोणालाही विचारा.

पानमळ्याचा कायदा कडक. चपला बाहेर. सुतकातला माणूस बाहेर. बाईची अडचण असेल तर ती बाहेर. वेल लाजरी असते, तिला विटाळ सोसत नाही, असं आमच्या बापाने सांगितलं आणि आम्ही मानलं. बाप मी सहा वर्षांचा असताना गेला. मला भाऊनेच वाढवलं. तो माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. त्याचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही.

गाठ पहिल्यांदा मला दिसली ती दाढी करताना. डाव्या बाजूला, कॉलरच्या वर, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती. हीच तर खोड आहे तिची! दुखली असती तर मी बोंबललो असतो. दोन महिन्यांत तिला शेजारीण आली, मग तिसरी. संध्याकाळी कणकण, अंगाला घाम असा की सदरा पिळून घ्यावा, आणि अंगभर खाज. गावातल्या जाणत्यांनी गंडमाळ म्हटलं, लेप लावले. डॉक्टरने टीबी म्हटलं. त्यालाही दोष देत नाही. मानेतल्या गाठी आमच्याकडे बहुतेक टीबीच्याच निघतात. पण आठ महिने इंजेक्शन घेऊन गाठ वाढतेच आहे म्हटल्यावर तिचा तुकडा काढून तपासायला हवा होता. त्याला बायोप्सी म्हणतात. ती शेवटी बुलढाण्याला झाली. लेकहो, गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. महिनाभरात विरली नाही तर दाखवा, आणि औषधाने हलत नसेल तर तुकडा तपासा म्हणून डॉक्टरच्या मागे लागा.

नांदुऱ्याहून गाडीत बसलो. भाऊ, मी आणि माझी बायको इंदू. नागपूरचा दवाखाना एवढा मोठा की पहिले दोन दिवस आम्ही फक्त रांगा शोधत होतो.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. ठेंगण्या, केस पांढरे, आवाज पोलिसासारखा. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "रामदास, रडायचं असेल तर आज रडून घ्या. उद्यापासून वेळ मिळणार नाही." मला राग आला. पण खरं सांगतो, त्या रागाने माझी पाठ ताठ झाली.

मग तपासण्या. छातीचा एक्स-रे. बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढतात. तेव्हा मी ज्या शिव्या दिल्या त्या लिहीत नाही. आणि लिम्फँजिओग्राम. पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळं औषध टोचतात, त्याने बारीक नळ्या दिसतात, मग त्यांत दुसरं औषध सोडून फोटो काढतात. पोटातल्या गाठी किती बिघडल्या ते त्यात दिसतं. माझे पाय निळे झाले. लघवीसुद्धा निळी! पोटात काही निघालं नाही. गाठी मानेत आणि छातीत होत्या, तेवढ्याच. बाई म्हणाल्या, "लवकर आलात." आठ महिने वाया घालवून मी लवकर आलो होतो, बघा.

उपाय म्हणजे कोबाल्ट. मोठं यंत्र, त्यातून किरण सोडतात. वॉर्डातले सगळे त्याला शेक म्हणत. मान आणि छातीवर शाईच्या रेघा मारल्या आणि दम भरला की धुवायच्या नाहीत. रोज काही मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. शेकताना काहीच लागत नाही. लागतं ते नंतर. तिसऱ्या आठवड्यात घसा असा सोलला की पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. थुंकी आटली. मानेवरचे केस गेले. पानमळ्यात जन्मलेला मी, पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं होतं, "पान कधी खाऊ?" बाई म्हणाल्या, "मी सांगेन तेव्हा. तंबाखू तर जन्मात नाही."

भाऊ सगळा वेळ माझ्याजवळ होता. ॲल्युमिनियमच्या डब्यात दूध आणायचा, पाय चेपायचा, माझ्या अंगावरची माशी उडवायचा. एका सकाळी बाई शिकाऊ डॉक्टरांना घेऊन राऊंडवर आल्या. माझ्या खाटेशी थांबून त्यांना सांगू लागल्या. म्हणाल्या, काही लिम्फोमांमागे व्हायरसचा हात असतो. आफ्रिकेत लहान मुलांना जबड्याचा एक लिम्फोमा होतो, त्यात असा व्हायरस सापडला. यांच्या प्रकारातही संशय आहे, पण पुरावा अजून नाही.

भाऊ माझे पाय चेपत होता. त्याचा हात थांबला. मग त्याने तो उचलला. वऱ्हांड्यातल्या नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. जेवायला जात असेल, असं मला वाटलं.

सहा आठवड्यांनी गाठी बसल्या. बोटाने चाचपल्या तरी लागेनात. घरी आलो, चार दिवस पडून राहिलो, आणि पाचव्या दिवशी सकाळी हळूहळू चालत मळ्यावर गेलो. ओल्या पानांचा वास आला. दाराशी चपला काढल्या.

"थांब," भाऊ आतून म्हणाला. "आत नको येऊ."

मला वाटलं, काही सुतक आलं असेल. "कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं." तो दारापर्यंत आला, पण दार उघडलं नाही. "व्हायरस हाये तुले. बाईनं म्हटलं, म्या ह्या कानानं आयकलं. मिरचीच्या वख्ती साहेबानं काय सांगतलं होतं, इसरला का?"

विसरलो नव्हतो. आदल्या वर्षी आमच्या मिरचीची पानं आखडली होती. शेतकी खात्याचे साहेब जीपने आले, पान उलटंपालटं करून म्हणाले, हा व्हायरस आहे. याला औषध नाही. उपटा आणि जाळा, नाहीतर एकावरून सगळ्या रानात जाईल. ज्या हाताने उपटाल तो धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. मी आणि भाऊने दोघांनी मिळून सगळी मिरची जाळली होती. धुराने आठ दिवस खोकत होतो. व्हायरस हा शब्द आमच्या घरात तेव्हा आला. भाऊ काही अडाणीपणा करत नव्हता. शिकलेल्या साहेबाने शिकवलेलंच तो चोख पाळत होता.

"मी मिरची आहो का भाऊ?" मी म्हणालो.

"नाई रे बाबू." त्याचे डोळे भरले. "पण वेल गेली तं दोनही घरं बसतील. तुह्या पायाच्या बोटाकडं पाह्य. अजून निळं हाये. तू पूरा बरा हो, मंग पाहू."

मी चपला घातल्या आणि परत फिरलो. खोटं कशाला सांगू, कॅन्सर म्हटल्यावर मी रडलो नव्हतो. त्या दिवशी बांधावर बसून रडलो.

त्या संध्याकाळी भाऊने माझ्यासाठी वेगळा लोटा आणि वेगळी थाळी आणून आमच्या दोन घरांच्या सामाईक ओसरीवर ठेवली. थोरल्या दिरासमोर माझ्या इंदूने लग्नापासून तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढून ती दाराआडून मला म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल अशी, "म्या तं रोज तुमच्याच ताटात जेवून राह्यली. मले काऊन नाई झाला मंग?" इंदूने थाळी उचलून कोठीत टाकली. लोटा मात्र राहिला.

सात महिने मी मळ्याबाहेर होतो. रोज कुंपणापर्यंत जायचो. कुडाच्या फटीतून वेली पाहायच्या, कोणती सुटली, कोणती वाकली ते भाऊला ओरडून सांगायचं. तो आतून "हाव, हाव" म्हणायचा. अंगात ताकद येत होती. ताप नाही, खाज नाही, वजन वाढत होतं. दर दोन महिन्यांनी नागपूरला इंदूला घेऊन जायचो आणि बाई मान चाचपून म्हणायच्या, छान. पण ज्या हातांसाठी जगलो ते हात रिकामे. माणूस बरा झाला हे दवाखान्याने सांगून भागत नाही हो, घराने सांगावं लागतं.

त्या पावसाळ्यात पूर्वेकडच्या पाच ओळींना मर लागली. वेली मुळापासून काळ्या पडून गळाल्या. मी कुंपणाशी उभा राहून विचारलं, "भाऊ, आता हे कोणाच्या व्हायरसनं? म्या तं सात महिन्यांत पाय नाई ठेवला."

"तू रोज कुडातून पाहून नाई राह्यला का!" तो म्हणाला.

बाप्पा! आता माझी नजरसुद्धा विषारी! माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यावर ओरडलो. "चाल नागपूरले! बाईले तुह्या तोंडानं पूस. माह्यापासून वेलीले धोका हाये असं बाईनं म्हटलं, तं मी जन्मात मळ्याचं नाव नाई घेणार. आन नाई म्हटलं, तं दार उघडाचं."

भाऊने हातातला लव्हाळा कुडात खोचला. मग म्हणाला, "चाल."

नागपूरला बाईंनी आधी मला तपासलं. मान, काखा, पोट, नवा एक्स-रे. "एकही गाठ नाही," त्या म्हणाल्या. एरवी मी नाचलो असतो. त्या दिवशी माझे कान पुढच्या प्रश्नाकडे होते. भाऊने टोपी काढून हातात धरली आणि सगळं सांगितलं. मिरची, साहेब, वेल, पाच ओळी, सगळं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग टॉर्च उचलली. "आ करा."

"मी?"

"तुम्हीच. करा आ."

भाऊने आ केला. बाईंनी त्याच्या घशात उजेड पाडून पाहिलं. "तो व्हायरस इथे दिसत नसतो," त्या म्हणाल्या, "पण बहुतेक तुमच्यातही आहे. माझ्यातही आहे. लहानपणी उष्टंमाष्टं खाताना थुंकीतून येतो, चार दिवस घसा धरतो, नाहीतर कळतही नाही. मग जन्मभर अंगात गपचूप झोपून राहतो. जवळजवळ सगळ्यांच्या. माणसाचा व्हायरस वेलीला लागत नाही. जाळलेल्या मिरचीचा व्हायरस तुम्हाला लागला का?"

"नाई."

"तसंच. आणि कॅन्सर तर एकाचा दुसऱ्याला लागतच नाही. भावाला कुशीत घेऊन झोपलात तरी नाही."

भाऊने टोपी दोनदा फिरवली. "मंग बाई, यालेच काऊन झाला? मले काऊन नाई?"

बाईंनी टॉर्च टेबलावर ठेवली. "ते अजून आम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "व्हायरस एकटा काही करत नसावा. आणखी काहीतरी बिघडावं लागतं. काय, ते शोधतो आहोत. माहीत झालं की सांगेन."

एवढ्या मोठ्या डॉक्टरने 'माहीत नाही' म्हटलं, आणि मला त्यांच्या बाकीच्या सगळ्या बोलण्यावर पक्का भरवसा बसला. तुम्हीही डॉक्टरला विचारत जा. अर्धवट ऐकून गावी नेलेला एक शब्द आमच्या घरात सात महिने भिंत होऊन उभा होता. न कळलेलं तिथल्या तिथे विचारून घ्या, लाजू नका.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीपाशी बसला होता. अकोल्याच्या अलीकडे माझ्याकडे वळला.

"म्हंजे रामा, मी पन्नास वर्सं व्हायरस घेऊन मळ्यात फिरून राह्यलो?"

"हाव भाऊ."

"आन वेलीले काई नाई झालं."

"पूर्वेच्या पाच ओळी मेल्या नं."

"अबे, त्या तं पाण्यानं मेल्या! म्याच पाटाचं पाणी जास्त सोडलं होतं!"

बोलून गेला आणि जीभ चावली. मी असा हसलो की समोरच्या बाकावरचा माणूस दचकून उठला. घसा दुखला, तरी हसत होतो. भाऊही हसायला लागला, आणि हसता हसता टोपीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः माझ्या दाराशी आला. "चाल. वेल उतरवाची हाये. माह्यानं त्या वळ्या नीट बसून नाई राह्यल्या." ओसरीवरचा माझा लोटा उचलला, त्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि पुढे चालू लागला. मळ्याचं दार सताड उघडं होतं. मी चपला काढल्या आणि आत पाय ठेवला. गार, ओली माती. त्या दिवशी सहाच वेली उतरवल्या आणि दमून बसलो. पण त्या सहा वेली त्या वर्षी मळ्यात सगळ्यात उंच चढल्या. कोणालाही विचारा.

पाचव्या वर्षी बाई म्हणाल्या, "आता वर्षातून एकदा या. आजार परतायची भीती बरीच मागे पडली." त्यांच्यासाठी करंडीभर पानं नेली होती. त्यातलं एक त्यांनी उचललं, हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. "साधं पान खा आता. चुना नाही, सुपारी नाही. नुसतं पान." मी ते तिथे खाल्लं नाही. खिशात घालून आणलं आणि देवापुढे ठेवलं.

मला पहिलं पान आमच्या नव्या वाफ्याचं खायचं होतं. मर लागलेली जागा तीन वर्षं पडीक ठेवून लावलेला तो वाफा त्याच महिन्यात पहिल्या तोडीला आला होता. पहिलं पान घरातल्या थोरल्याने तोडायचं, ही आमची रीत. गावातली दहा-पंधरा माणसं जमली होती. कुडाआडून इंदू पाहत होती. भाऊ वेलीपाशी गेला, हात वर केला आणि खाली घेतला. "रामा, तू तोड."

मी तोडलं. धोतराला पुसलं आणि अर्धं चावलं. पाच वर्षांनी! जिभेवर तिखट झणका आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. उरलेलं अर्धं माझ्या हातात होतं, दातांच्या खुणा असलेलं. भाऊने ते माझ्या बोटांतून काढून घेतलं, सगळ्या गावासमोर तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"झणझणीत हाये बे," तो म्हणाला. "चाल, बाकीचा वाफा पडला हाये."